रुमाजी पाथरवटाचा अर्धा बुरूज

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हिरडगडावर तेव्हा तोफ चढली नव्हती आणि घाटाची वाट फक्त बैलांच्या खुरांनी रुळलेली होती. त्या काळी गडावर रुमाजी नावाचा पाथरवट होता. दगड घडवायचा, भिंती रचायचा. तो दगडाला हात लावायचा आणि सांगायचा, हा पावसात पाझरेल, हा उन्हात तडकेल आणि हा तुमच्या पणतवंडांनाही पुरेल. दगड त्याच्याशी बोलायचे, असं म्हणतात. बोलत असतील, नसतील. पण त्याने नको म्हटलेला दगड कुणी भिंतीत घातला, तर ती भिंत एक पावसाळाही काढायची नाही, एवढं मात्र जुनी माणसं छातीवर हात ठेवून सांगतात.

गडाचा कारभार अंतोजीराव हवालदारांकडे होता. हवालदार म्हणजे आजचा शिपाई नव्हे. गडाच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तो हवालदार. अंतोजीरावांना एकच काळजी होती. गडाला दक्षिणेकडे डोंगराची एक लांब सोंड आहे आणि त्या सोंडेआड घाटाची वाटही लपते आणि पायथ्याची हिरडेवाडीही लपते. शत्रू घाट चढून वाडीत येऊन जेवून गेला असता, तरी गडाला पत्ता लागला नसता.

"रुमाजी," हवालदार म्हणाले, "सोंडेच्या अगदी टोकाला एक बुरूज बांध. एकच माणूस त्यात बाराही महिने राहील आणि खाली नजर ठेवील, असा."

रुमाजीला त्या कामाला तीन वर्षं लागली. चुना मळताना त्याने त्यात गूळ घातला आणि हिरड्याचा रस घातला. भिंत दुहेरी घेतली, बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड आणि मधल्या पोटात चुन्यात कालवलेली खडी. तळाशी ती नऊ हात जाड होती आणि वर जाता जाता निमुळती होत होती. बुरूज सोंडेपासून सुटा राहावा म्हणून त्याने मधला कातळ फोडून आठ हातांची खाच काढली आणि खाचेवर एक फळी टाकली. फळी आत ओढून घेतली की बुरूज एकटा आणि जग पलीकडे.

दार इतकं ठेंगणं होतं की राजा आला तरी वाकूनच आत येईल. जिना भिंतीच्या पोटातून फिरत जायचा आणि त्यावर दोन माणसं शेजारी उभी राहायची नाहीत. तळाला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं आणि माथ्यावर पडलेला पाऊस भिंतीतल्या पन्हाळीतून त्यात उतरायचा. दारातून आत आलं की मधली खोली, तिथे भिंतीतच चूल, भिंतीतच धान्याचे दोन रांजण आणि निजायला दगडी ओटा. चुलीच्या धुराला त्याने वळणावळणाची वाट दिली होती, म्हणजे तो बाहेर पडेपर्यंत विरून जाई. खुणेच्या धुरात आणि पिठल्याच्या धुरात कुणाची गल्लत व्हायला नको. माथ्यावर छातीएवढा कठडा होता, खाली पाहायला तिरपी भोकं होती आणि एका कोपऱ्यात लाकडं आणि ओलं गवत रचलेलं असे. धुराचा एक लोट म्हणजे व्यापारी तांडा येतो आहे. दोन लोट म्हणजे अनोळखी फौज. आणि शिंग वाजलं, तर वाडीतल्या सगळ्यांनी गुरंढोरं टाकून गडाची वाट धरायची आणि वर यायचं. असा करार होता.

बांधकाम संपलं की गवंडी ओळंबा काढून घेतो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, ज्याने भिंत सरळ आहे की नाही ते कळतं. रुमाजीने तो काढला नाही. माथ्याच्या कमानीतून तळाच्या फरशीपर्यंत तो लटकता ठेवला आणि वजनाचं टोक जिथे येत होतं तिथे फरशीवर तिळाएवढी खूण कोरली.

हवालदारांनी विचारलं, "हे कशाला?"

"बुरूज डोंगराच्या टोकावर उभा हाय, सरकार. डोंगराला कूस बदलावीशी वाटली, तर आधी ह्याला कळंल."

हवालदार हसले आणि त्यांनी पहिला पहारेकरी पाठवला.

तो महिनाभर राहिला. परत आला तेव्हा सांगू लागला की भिंती त्याचं नाव घेतात. दुसरा दोन महिने राहिला आणि परत आल्यावर कुणाशी बोलेना, बायकोशीही नाही. तिसऱ्याने आठव्या दिवशी फळी टाकली आणि तो सोंडेवरून धावत गडाच्या दाराशी येऊन बसला. मला मारा, पण तिथे पाठवू नका, असं म्हणाला. त्या बुरजात वाईट काही नव्हतं. वारा होता, ढग होते आणि दुसरं माणूस नव्हतं.

"रुमाजी," अंतोजीराव म्हणाले, "माणसाने राहावं असा बुरूज बांधायला सांगितला होता. तू माणसाला राहवणार नाही असा बांधलास."

हे बोलणं रुमाजीला लागलं. त्याच वर्षी तापात त्याची बायको गेली होती. एकुलती मुलगी गोजरा हिरडेवाडीत दिली होती, ती तिच्या संसारात होती. गडावरच्या त्याच्या खोपटात दिवा लावायलाही कुणी नव्हतं. तो म्हणाला, "एक पावसाळा मी राहून दावतो."

तो हातोडा, छिन्नी आणि एक घोंगडी घेऊन गेला. त्याने फळी आत ओढली. एक पावसाळा झाला. मग थंडी आली, ऊन आलं आणि दुसरा पावसाळा आला. बदलीला कुणी आलं नाही. पहिल्यांदा रुमाजीला वाटलं, हवालदार विसरले. मग वाटलं, विसरले तर विसरले. आणि नंतर त्याने वाट पाहणंच सोडून दिलं. असे एकोणीस पावसाळे गेले, असं म्हणतात.

सकाळी तो माथ्यावर जायचा आणि वाडीतली चूल कोणाची आधी पेटते ते पाहायचा. वरून माणूस मुंगीएवढा दिसतो, पण चाल लपत नाही. पाटलाचा म्हातारा डावा पाय ओढतो. कोळ्याची सून घाईत असली की घागर खांद्यावर घेते. गोजरा विहिरीवरून येताना वाटेत एकदा थांबते आणि वर पाहते. तिला बुरजावरचा माणूस दिसत नसणार, हे रुमाजीला माहीत होतं. तरी ती वर पाहायची तेव्हा तो कठड्याशी सरळ उभा राहायचा.

मग तो भाकरी थापायचा. मग टाक्यातलं पाणी गाळायचं, लाकडं उन्हात घालायची, भिंतीच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपं उपटायची, ओळंब्याचं टोक पाहायचं. दुपारी दगडाचं काही ना काही करत बसायचा. दर आठ दिवसांनी गडावरून एक माणूस शिधा घेऊन यायचा आणि तो शिधा दोरीच्या टोपलीतून आत जायचा. एकदा त्या माणसाने खाचेपलीकडून विचारलं, "रुमाजी, बरा हाईस ना?" रुमाजीने तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला. तेवढ्यात तो माणूस निघून गेला होता. रुमाजीने मग एकट्यानेच उत्तर दिलं, "बरा हाय." आणि ते शब्द आतल्या जिन्यातून फिरून फिरून त्याच्यापाशीच परत आले.

वर्षातून एकदा सुगी झाली की गोजरा यायची. बुरजात परक्याला येऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. मग ती खाचेच्या अलीकडे बसायची आणि तो पलीकडे दाराशी बसायचा. ती तांदळाच्या पिठाचे लाडू टोपलीत घालून पाठवायची. पोरांचं सांगायची, भाताचं सांगायची. तो ऐकायचा आणि मान हलवायचा. आठ हातांच्या खाचेतून वारा असा काही वाहायचा की तिचे निम्मे शब्द दरीत जायचे. ते शब्द काय असतील, याचा विचार करायला त्याला मग वर्षभर पुरायचं.

तेराव्या वर्षी ती आली तेव्हा उभीच राहिली.

"आबा, थोरलीचं लगीन ठरलंय. पुढल्या चांदण्या पंधरवड्यात. तुमी या."

रुमाजीने मान वर करून माथ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पहारा कोण करंल?"

"एक दिस न्हाई केला तर काय हुईल? तेरा वर्सांत कुनी आलंय का?"

"मी हाय म्हनून आलं नसंल."

"आबा," गोजरा म्हणाली, "तुमी गडासाठी बसला न्हाई. हवालदारांनी नाव ठेवलं म्हनून बसलाय. आई गेल्यावर मला वाटलं व्हतं, निदान तुमी तरी हाय जवळ. जवळ हाय म्हनं. नुसते दिसता."

ती टोपली तशीच ठेवून निघून गेली आणि त्यानंतर वर आली नाही.

लग्नाच्या दिवशी वाडीत नखाएवढा हिरवा मांडव दिसला. रुमाजी माथ्यावर उभा होता. वाजंत्री ऐकू येत नव्हती, पण माणसं एकत्र गोळा झाली आणि मग सैल झाली, तेव्हा अक्षता पडल्या हे त्याला कळलं. त्याने त्या दिवशी गुळाचा भात केला आणि एकट्याने खाल्ला. गोजरा खरं बोलली होती, हे त्याला ठाऊक होतं. खाली उतरायला एक फळी टाकायची होती, बस्स. पण इतकी वर्षं वर काढलेल्या माणसाला खाली जाऊन काय बोलायचं, हेच कळेना. पुढची सहा वर्षं त्याने तिचं घर पाहिलं आणि ती विहिरीवरून येताना थांबेनाशी झाली, तेही पाहिलं.

एकोणिसाव्या पावसाळ्यात धुकं उतरलं ते उठेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकवीस दिवस. बुरजाच्या माथ्यावरून खालचं काही दिसत नव्हतं, इतकंच काय, खाचेपलीकडचं झुडूपही दिसत नव्हतं. पाऊस थांबतच नव्हता. वाडी आहे की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं. आयुष्यात तो एवढा एकटा कधी नव्हता.

अठराव्या दिवशी त्याने ओळंबा पाहिला. टोक खुणेवरून ढळलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

त्याने वारा असेल म्हणून दार लावलं, दोरी हाताने थांबवली, पुन्हा सोडली. टोक तिथेच आलं. मग त्याने भिंतीला कान लावला. एक एक थर ठोकून ऐकला. बुरूज धड होता. भिंतीत कुठे चीर नव्हती. म्हणजे ढळला होता तो डोंगर. सोंडेच्या पश्चिमेची उतरण, जिच्या पायाशी वाडी होती आणि जिच्या अंगावरून वाडीतून गडावर यायची वाट होती, ती सगळी पाण्याने फुगून सुटत चालली होती.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रुमाजीने फळी टाकली. सोंडेवरून चाचपडत तो गडाच्या दारापर्यंत गेला. अंतोजीराव आता म्हातारे झाले होते, पण किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला होत्या.

"सरकार, डोंगर निघालाय. वाडी उठवा."

हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं. दाढी छातीपर्यंत आलेली, अंगावर घोंगडी, डोळे धुक्यातून आल्यासारखे.

"किती ढळला म्हणतोस?"

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"रुमाजी," हवालदार हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या पहारेकऱ्याला भिंती हाका मारत होत्या. तुला डोंगर चालताना दिसतो. चूक माझी आहे, तुला इतकी वर्षं तिथे ठेवायला नको होतं. हा पाऊस सरला की बदली पाठवतो. आता तेवढा परत जा. बुरूज मोकळा ठेवायचा नाही."

रुमाजी परत गेला. त्या रस्त्याने जाताना तो रडत होता, असं म्हणतात. पण पाऊस इतका होता की हे पाहिलं कुणी आणि सांगितलं कुणी, हे कुणालाच सांगता येत नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी ओळंब्याचं टोक अंगठ्याएवढं सरकलं होतं. टाक्यातलं पाणी एका कडेला चढलं होतं. आता गडावर जाऊन पुन्हा सांगायला वेळ नव्हता. वाडीत उतरायचं तर गडाच्या दारातून, त्याच उतरणीवरून, आणि त्याला अर्धा दिवस लागला असता. धूर करावा तर धुक्यात कोण पाहणार. त्याने शिंग हातात घेतलं, ओठांशी नेलं आणि थांबला. शिंग वाजलं की वाडी गडाची वाट धरेल. आयाबाया पोरं काखेला घेऊन त्याच उतरणीवर येतील आणि तिथेच गाडल्या जातील. एकोणीस वर्षं ज्या एका क्षणासाठी ते शिंग तिथे ठेवलं होतं, तो क्षण आला होता आणि शिंग वाजवायचं नव्हतं.

त्याने शिंग खाली ठेवलं आणि हातोडा घेतला.

बुरजाच्या पूर्वेला एक घळ आहे. निव्वळ कातळाची, वरपासून खालपर्यंत. त्या घळीत काही पडलं की आवाज सगळ्या दरीत घुमतो, पण उतरणीला धक्का लागत नाही. रुमाजीने माथ्याच्या कठड्याचा पहिला दगड सांध्यातून सोडवला. तो दगड त्याने स्वतः घडवला होता, चार दिवस लागले होते. त्याने तो घळीत लोटला.

धुक्यात तो आवाज कसा गेला असेल. मग दुसरा. मग तिसरा. गूळ आणि हिरडा घातलेला तो चुना, पहारीने सुटायचा नाही असा. पण त्या दिवशी रुमाजीने नुसता हात ठेवला की दगड आपणहून हलायचा, कारण प्रत्येक दगडाला तो हात ओळखीचा होता, असं म्हणतात. वीस गड्यांना आठ दिवस लागले असते, एवढा बुरूज त्या साठीच्या माणसाने एका दिवसात उतरवला.

खाली वाडी घराबाहेर आली. डोक्यावर धुकं आणि धुक्यात गडगडाट. कुणी म्हणालं फौज आली, कुणी म्हणालं वीज फिरते आहे. पाटील म्हणाला, गडाकडे चला. माणसं वाटेला लागलीही होती. तेव्हा गोजरा आडवी आली.

"थांबा," ती म्हणाली. "शिंग वाजलं का?"

"शिंग न्हाई वाजलं."

"वर आबा हाय. फौज असती तर त्यानं शिंग वाजवलं असतं. त्यानं शिंग वाजवलं न्हाई, म्हंजे वर यायचं न्हाई. दगड टाकतोय, म्हंजे हितं बी ऱ्हायाचं न्हाई."

पाटील म्हणाला, "तुला कसं कळलं दगड तुझा बापच टाकतोय?"

गोजरा ऐकत होती. एक दगड पडायचा, मग थोडी उसंत, मग दुसरा. लहानपणी बापाच्या हातोड्याचा ठोका ऐकत ती झोपायची.

"हा त्याचाच ठोका हाय," ती म्हणाली आणि गडाकडे पाठ करून ओढ्याकडे चालू लागली.

माणसं तिच्यामागून निघाली. कुणी गुरं सोडली, कुणी म्हातारी पाठुंगळी घेतली, कुणी नुसतीच भरल्या ताटावरून उठली. दोराला धरून ओढा ओलांडला आणि पलीकडची टेकडी चढली. शेवटचा माणूस वर पोचला तेव्हा दुपार कलली होती. आणि तेव्हा डोंगर उतरला.

तो आवाज सांगता येत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच की तो आवाज थांबला तेव्हा खाली वाडी नव्हती. विहीर नव्हती, देऊळ नव्हतं. आणि माणूस एकही कमी नव्हतं.

टेकडीवर माणसं ओल्या गवतात बसली. तेव्हा धुक्यातून पुन्हा तोच आवाज आला. एक दगड. थोड्या वेळाने आणखी एक.

डोंगर उतरून गेला होता, तरी रुमाजी दगड टाकत होता. माणसं निघाली की नाही, हे त्याला वरून दिसत नव्हतं. गाडली गेली की वाचली, हेही नाही. कदाचित कुणी अजून घरात असेल, कदाचित एखादी म्हातारी मागे राहिली असेल, म्हणून तो टाकत राहिला. टेकडीवरची माणसं ओरडली. वाचलो हो, सगळे वाचलो. सगळी वाडी मिळून ओरडली, पण आवाज ओढ्यापलीकडे पोचला नाही. दगडांमधली उसंत वाढत गेली. गोजरा प्रत्येक दगड मोजत होती. दिवस मावळायच्या सुमाराला एक पडला आणि त्यानंतर पडला नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. गोजरा लांबच्या वळशाने गडावर गेली. अंतोजीराव दारातच बसलेले होते, किल्ल्या पुढ्यात ठेवलेल्या. ते उठले आणि तिच्याबरोबर सोंडेवर चालू लागले. फळी आत ओढलेली होती, म्हणजे बुरजातून कुणी बाहेर पडलेलं नव्हतं. शिपायांनी खाचेवर नवी तुळई टाकली. दार तर आता नव्हतंच. गोजरा त्या जागी वाकली मात्र, आणि आत गेली.

आत कुणी नव्हतं. रुमाजी कुठे सापडला नाही, ना वर, ना घळीत. शेवटच्या दगडाबरोबर तोही गेला, असं कुणी म्हणतात. जे दगड आयुष्यभर त्याच्याशी बोलले, त्यांनीच त्याला आत घेतलं, असंही म्हणतात.

माथा गेला होता, जिना गेला होता, मधल्या खोलीच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. आणि त्या उरलेल्या भिंतीवर, आतल्या अंगाने, सगळीकडे वाडी कोरलेली होती. एकोणीस वर्षांची वाडी. प्रत्येक घर, प्रत्येक गोठा. ज्या वर्षी कोळ्याने पडवी वाढवली, त्या वर्षीची पडवी. पाटलाचा म्हातारा, डावा पाय ओढत असलेला. नखाएवढा मांडव आणि त्याभोवती ठिपक्यांसारखी माणसं. आणि विहिरीच्या वाटेवर एक बाई, डोक्यावर घागर, मान वर केलेली. ती एकदाच नव्हती कोरलेली. दरवर्षाची वेगळी होती, थोडी थोडी वाकत गेलेली. वाटेत थांबायची सोडल्यानंतरचीही होती.

त्या थराला त्याने हात लावला नव्हता.

गोजरा त्या भिंतीशी बसली. हवालदारांनी बराच वेळ पाहिलं आणि मग डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. शिपायांनी विचारलं, बुरूज पुन्हा बांधायचा का? अंतोजीराव म्हणाले, "नाही. त्याने ठेवला तेवढाच राहील. आणि इथे एकट्या माणसाला पुन्हा कधी ठेवायचं नाही."

गोजरा दिवसभर खाली आली नाही. ती भिंतीशी बोलत होती. सहा वर्षांचं सांगायचं राहिलं होतं, ते सांगत होती. थोरलीला मुलगा झाला, धाकट्याला गोवर आला होता, तांबडी गाय विकली, रुसून बसले ते चुकलं. आणि शेवटी तिने सांगितलं, आबा, सगळी वाचली.

हिरडेवाडी आता ओढ्यापलीकडच्या टेकडीवर आहे. श्रावण लागून धुकं दाट झालं की वाडीतून रोज एका घराचा माणूस बुरजावर जातो. पाळी लावलेली आहे आणि ती कुणी चुकवत नाही. मुंबईला नोकरीला गेलेलाही पाळीला रजा काढून येतो. नारळ फोडत नाहीत, नवस बोलत नाहीत, मागायचं तर काहीच नसतं. भाकरी घेऊन जायचं, अर्ध्या भिंतीशी बसायचं आणि घरातलं वर्षभराचं सगळं रुमाजीला मोठ्याने सांगायचं. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे. त्याला वरून दिसायचं, पण ऐकू यायचं नाही, म्हणून. नियम एकच आहे. काही लपवायचं नाही आणि सांगून संपल्याशिवाय उठायचं नाही.

मागच्या वर्षी पाळी तानुबाईवर आली. तिचा मुलगा त्याच उन्हाळ्यात गेला होता आणि तेव्हापासून ती कुणाशी त्याविषयी बोलली नव्हती. सून म्हणाली, तुम्ही नका जाऊ, मी जाते. तानुबाई गेली. दुपारपर्यंत ती नुसती बसून होती. मग तिने आधी म्हैस व्याल्याचं सांगितलं. मग भाताचं सांगितलं, पाऊस उशिरा आला ते सांगितलं. आणि मग मुलाचं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, तो जन्मला त्या दिवसापासून. सांगून संपलं, तेव्हा ती उठली.